टेराप्पा

घरात नवी वस्तू आली की लोक पेढे मागतात. टेराप्पा वजनकाटा मागतो.

त्याचं खरं नाव आता सातबाऱ्यावर आणि आधार कार्डावर तेवढं उरलंय. लातूरकडं दर चार माणसांमागं एक अप्पा असतो, तसा हाही आधी नुसता अप्पाच होता. २०२० साली सोनीचं प्लेस्टेशन फाइव्ह आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स एकाच महिन्यात जगाच्या बाजारात उतरणार असं जाहीर झालं आणि याच्या तोंडात 'टेराफ्लॉप' हा शब्द जाऊन बसला. मार्केट यार्डातल्या हमालांनी तो आठ दिवस सहन केला. नवव्या दिवशी एकानं पाठीवरच्या पोत्यासकट हाक मारली, "ओ टेराफ्लॉप अप्पा, सरका बाजूला!" दिवाळीपर्यंत ते नाव झिजून टेराप्पा झालं. त्याला राग आला नाही. "सोनीला तरी कुठं एवढं सुटसुटीत नाव सुचलं?" म्हणाला.

टेराप्पा लातूरच्या एका अडत दुकानात मुनीम आहे. गाव अहमदपूर तालुक्यात, जमीन बारा एकर, सगळी आभाळाच्या भरवशावर. शिकला मात्र नांदेडला, विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. तिथं चार वर्षं आम्ही एका खोलीत काढली. इंजिनिअर झालेला माणूस मुनीम कसा झाला, असं लोक विचारतात. उत्तर सोपं आहे. कुठली कंपनी किती पगार देते, गाव तिथून किती लांब, डबा किती रुपयांत, याचा तक्ता तो तिसऱ्या वर्षापासून करत होता. तक्ता पूर्ण झाला तेव्हा २००८ संपत आलं होतं, जगभर मंदी होती आणि तक्त्यातल्या कंपन्या भरती थांबवून बसल्या होत्या. "बरं झालं घाई केली नाही," असं तो त्याही वेळी म्हणाला होता.

तर टेराप्पाची ओळख एका वाक्यात सांगायची तर अशी: गेल्या वीस वर्षांत आलेल्या प्रत्येक गेमिंग कन्सोलची ताकद आणि किंमत त्याला तोंडपाठ आहे आणि त्यातला एकही त्यानं घेतलेला नाही.

हा गुण रक्तातून आला. त्याचे वडील, अण्णा, बैल घ्यायला लोहा तालुक्यातल्या मालेगावच्या यात्रेला जायचे. खंडोबाचं दर्शन पाच मिनिटांत आणि बैलबाजार तीन दिवस. देवणी घ्यावा की लाल कंधारी, यावर ते आधी देवणीवाल्याशी कंधारीच्या बाजूनं भांडायचे आणि मग कंधारीवाल्याशी देवणीच्या. दोन दाती की चार दाती, खूर कसा, वशिंड कसं, शेपटीचा गोंडा किती लांब, सगळं बघून रुमालाखाली बोटं धरली जायची. पहिल्या यात्रेत बोटं धरायची, दुसऱ्या यात्रेत दाबायची, तिसऱ्या यात्रेत सोडायची. बाप आणि लेक यांच्यात फरक एवढाच, की तिसऱ्या यात्रेनंतर का होईना, अण्णा बैल घेऊन घरी यायचे.

आकड्यांवरचा संशय मात्र टेराप्पाचा स्वतःचा. तो दुसरीत असताना मामानं लातूरच्या गंजगोलाईतून टीव्ही गेम आणून दिला. तोच तो, निन्टेंडोची नक्कल असलेला, वर कॅसेट खुपसायची आणि चालला नाही तर फुंकर मारायची. कॅसेटवर छापलं होतं '९९९९ इन १'. बाकीची पोरं मारिओ आणि कॉन्ट्रा खेळत बसली. याला त्या आकड्यानं झोप येईना. उन्हाळ्याच्या सुट्टीत वही घेऊन बसला आणि एकेक गेम उघडून नाव लिहीत सुटला. तिसाच्या पुढं पुन्हा मारिओच आला, फक्त यावेळी सुरुवात दुसऱ्या लेव्हलपासून. शंभरीत गेल्यावर त्याला कळलं की पुढंही हेच तीस जण टोप्या बदलून येणार आहेत. तेव्हापासून त्यानं कंपनीचा छापील आकडा मानायचं सोडलं. आता तो प्रत्येक आकडा स्वतः गुणून बघतो.

ते गुणणं बघण्यासारखं असतं. कागद म्हणजे अडतीच्या जुन्या पट्टीची कोरी बाजू. हमाल चहाला टेकले की तो सुरू करतो.

"बघा, एक टेराफ्लॉप मंजे एका सेकंदाला एक लाख कोटी दशांशाची गणितं. आता ही कशी करायची? प्लेस्टेशन फाइव्हच्या चिपमधी ३६ सालगडी हायत असं समजा. एकेका सालगड्याच्या हाताखाली ६४ मजूर. घड्याळाच्या एका ठोक्याला मजूर दोन कामं करतो. आणि ठोके पडतात सेकंदाला २.२३ अब्ज. गुणा. १०.२८ टेराफ्लॉप. एक्सबॉक्सकडं सालगडी ५२, पण ठोका जरा निवांत, १.८२५ अब्ज. तरी बी १२.१५."

लाख कोटी हा आकडा आमच्याकडं दोनच ठिकाणी ऐकू येतो, अर्थसंकल्पात आणि टेराप्पाच्या तोंडून. दोन्ही ठिकाणी पदरात काय पडणार हे विचारायचं नसतं. तरी एक म्हातारा हमाल विचारायचाच, "मग मालक, एक्सबॉक्स घेऊलालाव मना की."

"थांबा! सोनीची एसएसडी सेकंदाला साडेपाच जीबी वाचती, एक्सबॉक्सची २.४. बैल इकडं जोरकस, पण गाडीच्या आखाला वंगण तिकडं. आणि भाव दोघांचा एकच, ४९,९९०. भावात फरक असता तर मी कवाच घेतलं असतं."

भाव एकच निघाला हे त्याच्या आयुष्यातलं मोठं संकट. मग त्यानं वजनावर घेतलं. प्लेस्टेशन साडेचार किलो, म्हणजे किलोला ११,१०९ रुपये. एक्सबॉक्स ४.४५ किलो, किलोला ११,२३४. अखेर प्लेस्टेशनकडं पारडं झुकलं, तोच २०२१ मध्ये सोनीनं आतली उष्णता काढणारी धातूची पट्टी बदलून यंत्र ३०० ग्रॅमनं हलकं केलं आणि किंमत तीच ठेवली. टेराप्पा दोन दिवस जेवला नाही. अडतीत आयुष्य गेलेल्या माणसाला दुसरं काही सांगा, मालातली घट सांगू नका.

जुन्या गोष्टी सांगताना तो जास्त खुलतो. १९९५ चा लॉस एंजेलिसचा किस्सा तर त्यानं आमच्या खोलीवर इतक्या वेळा सांगितला, की शेजारच्या खोलीतली पोरं भिंतीपलीकडून शेवट म्हणायची. सेगा कंपनीनं आपल्या सॅटर्न कन्सोलची किंमत ३९९ डॉलर जाहीर केली. त्यावर सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर गेले, '२९९' एवढंच बोलले आणि खाली उतरले. टेराप्पा हा प्रसंग उभं राहून, उपरणं सावरत करून दाखवायचा. "याला मनतात सौदा! नाहीतर आमच्या यार्डात. पंधरा मिनटं बोंबलून बोली वाढती पाच रुपयानं."

तिसऱ्या वर्षात प्लेस्टेशन थ्री भारतात आलं, ३९,९९० रुपयांना. त्या सुट्टीत त्यानं घरी विषय काढला. अण्णा नुकतेच रानातून येऊन पाय धूत होते.

"प्लेस्टेशन? ते पूर्णेच्या अलीकडं हाय का पलीकडं?"

गाडीचं नव्हे, गेमचं, हे समजावण्यात अर्धा दिवस गेला. पुढं २०१० मध्ये अमेरिकेच्या हवाई दलानं १,७०० हून जास्त प्लेस्टेशन थ्री एकमेकांना जोडून महासंगणक बनवला, तेव्हा टेराप्पा ती बातमी घेऊन पुन्हा अण्णांपुढं उभा राहिला. यंत्राच्या ताकदीचा याहून मोठा पुरावा कुठला? अण्णांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मंग तर नकोच. आपल्याकडं कुठं विमानं हायत?"

टेराप्पाचं सगळं तत्त्वज्ञान 'थांब' या एका शब्दात मावतं. नवी वस्तू पहिल्या दिवशी घेणारा माणूस त्याच्या मते पेरणीआधी पीक विकणारा. याला इतिहासाचा आधारही होता. प्लेस्टेशन टू २००० साली अमेरिकेत २९९ डॉलरला आलं आणि २००९ पर्यंत ९९ वर उतरलं. यंत्र सुरुवातीला कंपनी कमी नफ्यात, प्रसंगी तोट्यातसुद्धा विकते, गेमच्या विक्रीवर भरून काढते आणि पुढं चिप स्वस्त झाली की किंमत उतरवते, हा धंद्याचा नियमच होता. टेराप्पा त्या नियमाच्या भरवशावर थांबला. आणि त्यानं थांबायला नेमकी अशी पिढी निवडली, जिच्यात नियमच मोडला. प्लेस्टेशन फाइव्ह भारतात ४९,९९० वर आलं होतं, ते २०२२ च्या अखेरीस ५४,९९० झालं. अमेरिकेत २०२५ च्या ऑगस्टमध्ये पन्नास डॉलरनं चढलं. सिरीज एक्स तर तिकडं त्या एका वर्षात दोनदा चढला, ४९९ चा ६४९ झाला. पाच वर्षं जुनं यंत्र नव्याहून महाग! "जुना बैल आणि भाव वासराचा," अण्णा म्हणाले. या विषयात अण्णांना कळलेली ती पहिली गोष्ट.

तशी एक संधी आली होती. २०२१ च्या पावसाळ्यात लातूरच्या यार्डात सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं. प्लेस्टेशन पाच क्विंटलात येत होतं! एवढं स्वस्त ते कधी झालं नव्हतं आणि होणार नव्हतं. पण जगात चिपांचा तुटवडा होता आणि ऑनलाइन बुकिंग उघडलं की मिनिटांत संपायचं. शिवाय गावातल्या सगळ्यांसारखं टेराप्पाच्या घरचं सोयाबीनही भाव चढायच्या आधीच, चार हजारांच्या आगंमागं विकून झालं होतं. म्हणजे तेव्हा घरात सोयाबीन नव्हतं आणि दुकानात प्लेस्टेशन नव्हतं. तो योग हुकल्याचं दुःख तो अजून सांगतो, पण आवाजात कुठंतरी सुटकेचा निःश्वास असतो.

त्याचं निखळ सुख बघायचं तर नोव्हेंबर २०२४ आठवावा लागेल. प्लेस्टेशन फाइव्ह प्रो बाहेर आलं. १६.७ टेराफ्लॉप, २ टीबी साठा, किंमत ७०० डॉलर. आणि सोनीनं सांगितलं की त्यातल्या वायफायला लागणाऱ्या ६ गिगाहर्ट्झच्या लहरींना भारतात परवानगी नसल्यानं हे यंत्र इकडं विकलं जाणार नाही. टेराप्पा रात्री अकराला फोनवर जवळजवळ गात होता. यंत्र जगात सगळ्यात जोरकस, तुलना मनसोक्त करता येणार, आणि घेण्याचा प्रश्नच सरकारनं मिटवलेला. मुलगी पाहायला जावं, चहा-पोहे खावेत आणि गोत्र एकच निघावं, तसा तो निवांत झाला.

नांदेडला आला की तो वर्कशॉप कॉर्नरकडच्या एका गेमिंग झोनमध्ये हमखास जातो. तासाचे पैसे भरतो, पण कंट्रोलरला हात लावत नाही. यंत्राच्या मागं वाकून मॉडेल नंबर वाचतो, गरम हवा येते तिथं तळहात धरतो, कान लावून पंख्याचा आवाज ऐकतो. एकदा फुटबॉलचा सामना रंगात आलेल्या एका पोरानं मान न वळवता विचारलं, "काका, खेळायलात का तपासायलात?" टेराप्पा गंभीरपणे म्हणाला, "तपासूलालाव. पंख्यात धूळ हाय." दुकानदारानं उरलेल्या वेळाचे पैसे परत केले आणि पुन्हा लवकर येऊ नका असं अदबीनं सुचवलं.

पण टेराप्पाला नुसता वेडा समजू नका. डिसेंबर २०२५ च्या येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, मी सहकुटुंब त्याच्या रानात होतो. ज्वारीच्या कडब्याची कोप, आत पूजा, बाहेर भज्जी, उंडे आणि मडक्यातली आंबील. त्या साली ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं होतं, त्यामुळं माणसं हसत होती पण आकड्यांचा विषय टाळत होती. टेराप्पाला मात्र आकड्यांशिवाय आंबील उतरत नाही. त्यानं मातीत काडीनं मांडलं.

"प्लेस्टेशन ५४,९९०. भागिले १०.२८ टेराफ्लॉप. एका टेराफ्लॉपला किती? ५,३४९ रुपये. आता यंदाचा सोयाबीनचा हमीभाव सांगा."

"५,३२८," चार जण एकदम म्हणाले. हा आकडा तिथं कुणाला विचारावा लागत नाही.

"मंजे एक टेराफ्लॉप बरोबर एक क्विंटल सोयाबीन. एकवीस रुपयांचा फरक, ती हमाली धरा."

सगळ्यांनी मातीतल्या त्या समीकरणाकडं पाहिलं. अण्णा आंबिलीचा गडू खाली ठेवून म्हणाले, "पर ५,३२८ भेटूलालंय कुणाला? यार्डात काय निघूलालंय ते तूच पट्टीवर लिहितोस."

टेराप्पा काडी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "अण्णा, टेराफ्लॉप तरी पुरा कुणाला भेटतो? ते बी कागदावरचंच. सगळे मजूर, सगळ्या ठोक्यांना, एकदम कामाला लागले तर १०.२८. तसं कवा होत नसतंय. कुणी मालाची वाट बघत बसतो, कुणी दुसऱ्याचं काम संपायची. आणि ठोका बी कंपनी मनती '२.२३ पर्यंत'. हमीभाव मनतो 'ओलावा १२ टक्क्यांच्या आत असेल तर'. सारी मेख त्या 'पर्यंत'मधी आणि 'असेल तर'मधी."

बांधावर क्षणभर कुणी बोललं नाही. मग त्याची चुलती म्हणाली, "शिकल्यालं वाया नाही गेलं रे," आणि तिनं त्याच्या ताटात आणखी दोन उंडे टाकले. जास्तीचे टेराफ्लॉप असूनही एक्सबॉक्स मागं का पडला आणि प्लेस्टेशन पुढं का गेलं, याची याहून बरी फोड मी ऐकलेली नाही.

त्यानंतर महिन्याभरानं तो नांदेडला आमच्याकडं मुक्कामाला आला. चिरंजीवांसाठी दिवाळीत आम्ही एक्सबॉक्स सिरीज एस घेतला होता. दुकानात गेलो, पोरानं बोट दाखवलं, घेऊन आलो. टेराप्पानं चप्पल काढता काढता तो पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. आल्या आल्या तो स्वयंपाकघरात गेला, "वहिनी, काटा असेल की," म्हणाला आणि पिठाच्या काट्यावर यंत्र ठेवलं.

"एक किलो ९३०. चारच टेराफ्लॉप. कुणाला विचारून घेतलास?"

"पोराला."

"थांबायचं होतंस. सोनी आणि एएमडी मिळून पुढच्या यंत्राची तयारी करूलालेत. प्रकाशाच्या किरणांचं गणित करायला वेगळा विभाग राहणार हाय, रेडियन्स कोअर. काही वर्षांत येतंय."

"काही वर्षांत पोरगं नीटच्या शिकवणीला लातूरला जाईल. तेव्हा गेम कुणी खेळायचा?"

यावर त्याच्याकडं आकडा नव्हता. तेवढ्यात पोरानं त्याच्या हातात कंट्रोलर दिला. मोटारींची शर्यत होती. टेराप्पानं कंट्रोलर आधी हातानं तोलला, मग उलटा करून बॅटरीचं झाकण पाहिलं, मग खेळायला लागला. त्याची गाडी सुटली ती थेट भिंतीवर, तिथून मागं आली ती कठड्यावर आणि मग शर्यतीच्या उलट दिशेनं, समोरून येणाऱ्या सगळ्यांना नमस्कार करत निघाली.

"काका, तुम्हाला खेळता येत नाही?"

"बाळा," टेराप्पा कंट्रोलर परत देत म्हणाला, "सोयाबीनचा भाव काढणारा कधी सोयाबीन खाताना बघितलास का?"

दुसऱ्या दिवशी मी त्याला बसस्टँडवर सोडायला गेलो. लातूर गाडीला वेळ होता. त्यानं खिशातून पट्टी काढली. पाठीमागं तीन ओळी होत्या.

"हे बघ. थ्री घेतलं नाही, ३९,९९० वाचले. फोर घेतलं नाही, ३९,९९० वाचले. फाइव्ह घेतलं नाही, ४९,९९० धर. थांबून थांबून मी १,२९,९७० रुपये वाचवले. आहे का कुणी एवढं वाचवलेलं?"

"मग हायत कुठं ते?"

तो बराच वेळ फलाटावरच्या पाटीकडं बघत राहिला.

"थ्रीचे बहिणीच्या लग्नात गेले. फोरचे २०१६ ला बोअरमधी. सातशे फूट नेला, नुसती धूळ निघाली. त्या वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं नाही का, तवाच."

"आणि फाइव्हचे?"

"यंदाच्या बियाणं-खतात. पावसात हुबंच होतं ते, तू बघितलंस की."

गाडी लागली. टेराप्पानं पट्टीची नीट घडी घातली, वरच्या खिशात ठेवली आणि खिडकीची जागा धरली. बस सुटताना त्यानं डोकं बाहेर काढलं आणि इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून मला ओरडून सांगितलं, "आणि हे बघ, पुढचं आलं तर पहिल्या दिवशी घेऊ नको! सोयाबीन काय निघतंय ते बघू आधी!"